सुभेदारांनी खरवडलेला हंसराज

संपादकबाईंचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत शेणखतात होते. फोन आमच्या ह्यांनी माझ्या कानाला धरला. "तुमच्या नर्सरीतल्या तीस वर्षांवर लिहा, जरा प्रेरणादायी," असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, माझ्याकडनं लोकांनी नेलेली निम्मी झाडं मेलेली आहेत." त्या म्हणाल्या, "मग त्यावर लिहा."

म्हणून लिहिते. मी शकीला बागवान. कुंडलला, पलूसकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची नर्सरी आहे. आडनाव ऐकून लोकांना वाटतं, झाडं आमच्या रक्तातच असणार. तसं काही नाही. आमच्या घराण्यानं केळी विकली, पेरू विकले, द्राक्षं विकली, पण झाड म्हणून कुणी लावलं नव्हतं. पहिलं मी लावलं. निशिगंधाचा कंद होता, तो उलटा लावला होता. माझे मालक दस्तगीर टेम्पो चालवतात आणि गिऱ्हाइकांशी गप्पा मारतात. झाडांशी बोलायचं काम माझ्याकडे. अशी आमची वाटणी आहे आणि दोघांनाही वाटतं की आपल्याकडे अवघड काम आलं.

आंबा, नारळ, जास्वंद यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ती लावली की जगतात. मला सांगायचंय ते हंसराजाबद्दल.

ज्यांनी हंसराज पाहिलाय त्यांना तो नावानं माहीत नसतो, आणि नाव माहीत असतं त्यांनी पाहिलेला नसतो. जुन्या दगडी विहिरीत डोकावलं की आतल्या ओल्या भिंतीवर, दगडांच्या सांध्यांत, हिरवी झालर लोंबताना दिसते, तो हंसराज. पानं बारीक, नाजूक, कोथिंबिरीची चुलतबहीण शोभावी अशी. दांड्या मात्र काळ्याभोर, तारेसारख्या बारीक आणि चकचकीत, तेल लावून विंचरलेल्या केसांसारख्या. वारा नसला तरी पान हलत असतं. आणि खरी ओळख हवी असेल तर पान पाण्यात बुडवून काढायचं. कोरडंच्या कोरडं बाहेर येतं. कोथिंबिरीला हे जमत नाही.

त्याला फूल येत नाही, फळ येत नाही, बी धरत नाही. पानाच्या मागं कडेला तपकिरी दुमड असते, त्यात भुकटी असते, तेच त्याचं बी. ती भुकटी ओल्या विटेच्या तुकड्यावर झाडायची, वीट बरणीत ठेवायची, झाकण लावायचं आणि विसरून जायचं. दोन-तीन महिन्यांनी विटेवर शेवाळासारखं हिरवं दिसायला लागलं की समजायचं, हालचाल आहे. हे सगळं मान्य करून झाड मोठं झालंच, तर त्याच्या अटी सुरू होतात. सावली पाहिजे, पण अंधार नको. ओल पाहिजे, पण पाणी साचायला नको. हवा खेळती पाहिजे, पण वारा नको. जुन्या विहिरीतला चुना त्याला फार आवडतो, शेणखत अजिबात आवडत नाही. एवढ्या अटी घालणारं स्थळ आलं असतं, तर माझ्या आईनं चहासुद्धा न देता परत पाठवलं असतं.

औंधच्या एका शिक्षिका हौसेनं कुंडी घेऊन गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "ताई, ते झाड विषारी नाही ना?" सासूबाईंनी ते चिरून पोह्यांवर घातलं होतं. मी घाबरून विचारलं, "कुणाला काही त्रास झाला का?" त्या म्हणाल्या, "त्रास नाही. पण सासूबाई म्हणतात, त्या नर्सरीवालीनं फसवलं, कोथिंबिरीला वासच नाही."

आता सुभेदारांची गोष्ट.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एक जुनी पांढरी मोटार नर्सरीच्या दारात येऊन थांबली. आतून उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उतरले. त्यांनी मला कडक सलाम ठोकला. मी कुंडी हातात घेऊन उभी होते, मला काय करावं ते सुचेना, मी कुंडी जरा वर उचलली.

"राम राम भाभी. सुभेदार खरात, रिटायर. मुक्काम वडूज. एक झाड पायजे."

"कुठलं?"

"हिरवं."

मी आजूबाजूला पाहिलं. आमची अर्ध्या एकराची नर्सरी आहे आणि त्यात बहुतेक झाडं हिरवीच आहेत. तसं मी त्यांना सांगितलं. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं आणि खाली बघत म्हणाले, "भाभी, लय अडचणीत हाय. जरा बसू का?"

दस्तगीरनी त्यांना खुर्ची दिली. अडचण ऐकायची म्हटल्यावर ते स्वतःही पालथ्या बादलीवर बसले.

सुभेदारांची मंडळी, इंदूताई, मुलीच्या बाळंतपणासाठी सव्वा महिना सांगलीला गेल्या होत्या. घरात सुभेदार आणि एक शेळी. खरातांचं घराणं मूळचं मेंढरामागं फिरणारं. आता शेती आहे, मेंढरं नाहीत, पण दारात एक तरी शेळी असल्याशिवाय घर वाटत नाही म्हणून ही राणी. तर सुभेदारांनी ठरवलं, बायको यायच्या आत घर चकाचक करायचं. त्यांच्या भाषेत 'सफाई अभियान'. परसात पाण्याचा दगडी हौद होता. त्याच्या मागच्या भिंतीवर बरीच वर्षं काहीतरी हिरवं वाढलेलं होतं. सुभेदारांनी खुरपं घेतलं, भिंत खरवडली, तारेच्या ब्रशनं घासली, सिमेंटचा हात दिला आणि वरून पांढरा रंग मारला. इंदूताई आल्या, हौदावर गेल्या, भिंतीकडे बघितलं.

"मग? काय म्हणाल्या?" दस्तगीरनी विचारलं.

"काय बी न्हाई. अकरा दिस झालं, बोलत न्हाईत. शेळीशी बोलत्यात."

"शेळीशी?"

"व्हय. 'राणे, ज्यास्नी जेवायचं आसंल त्यास्नी सांग, ताट वाढलंय.' मग मी शेळीला म्हणायचं, 'आलो.' मधी शेळी रानात गेली हुती, त्या दिशी उपाशी ऱ्हायलो."

दस्तगीरना हसू आवरेना. ते उठून पाइप बंद करायला गेले. पाइप चालू नव्हता.

मी विचारलं, "पण ते झाड होतं कसं? पान केवढं? दांडी कशी?"

इथं सगळं अडलं. पस्तीस वर्षं ते झाड त्यांच्या हौदावर होतं आणि त्यांनी ते एकदाही नीट पाहिलेलं नव्हतं. निम्मी वर्षं नोकरीत सरहद्दीवर गेली, ते एक समजू शकते. पण पुढच्या वर्षांत रोज सकाळी त्याच हौदावर दात घासले होते! ते म्हणाले, "पातळ हुतं. हवेशीर हुतं." मी शेपू दाखवला. "असंच... न्हाई, असं न्हाई." शतावरी दाखवली. "ह्ये आसंल." मग काटा टोचला. "ह्ये न्हाई." गाजराचा पाला, बडीशेप, झेंडूचं रोपसुद्धा दाखवून झालं. प्रत्येकाला ते आधी 'हेच' म्हणत आणि मग 'न्हाई' म्हणत.

शेवटी त्यांना आठवलं, मोबाईलमध्ये फोटो असेल. नातवाला हौदावर आंघोळ घालतानाचा एक फोटो निघाला. नातू झकास आला होता, मागं हिरवा धुरकट ठिपका होता आणि एका कोपऱ्यात सुभेदारांचा अंगठा. दस्तगीरच्या फोनमध्ये झाडं ओळखायचं अ‍ॅप आहे. त्यांनी तो फोटो त्यात टाकला. अ‍ॅपनं बराच विचार केला आणि अंगठ्याला अळंबी ठरवलं. खाली सूचनाही दिली, खाण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

मी म्हटलं, "राहू द्या ते. शेळी खायची का ते झाड?"

सुभेदार एकदम सावध बसले. "न्हाई खायाची! ही आमची राणी धोतर खाती, पेपर खाती, एकदा माझं पेन्शनचं कागद खाल्लं. पण तिकडं कवा तोंड लावलं न्हाई."

म्हणजे कोथिंबीर नव्हे, शेपू नव्हे. हौदाची भिंत म्हणजे ओल आणि सावली. माझ्या डोक्यात काहीतरी सरकायला लागलं. "खरवडताना काय काय निघालं, ते आठवून सांगा बरं."

"शेवाळ निघालं. माती निघाली. आन् केसं निघाली."

"केस?"

"व्हय, लय. काळी केसं. ब्रशात गुतली. म्हटलं हिची आसतील, ही तिथंच न्हाती."

दस्तगीरनी सहज विचारलं, "वैनींचे केस काळे आहेत अजून?"

सुभेदारांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. "न्हाई वं," ते हळूच म्हणाले. "धा-बारा वर्षं झाली, पांढरी हायत."

मी उठले, मागच्या शेडमधून हंसराजाची कुंडी आणली आणि त्यांच्या पुढं धरली. त्यांनी काळी दांडी दोन बोटांत धरून पाहिली आणि खुर्चीवरच थोडे खाली घसरले. "ह्येच. आयला, ह्येच हुतं."

झाड ओळखलं तेव्हा मला माझाच फार अभिमान वाटला. शेळी आणि केस एवढ्यावर हंसराज ओळखणारी दुसरी कुणी असेल तर तिनं पुढं यावं. पण ओळखणं सोपं होतं असं पुढच्या दोन महिन्यांत कळलं.

मी त्यांना सगळ्या अटी सांगितल्या. त्यांनी त्या डायरीत लिहून घेतल्या, खाली सही केली, माझीही घेतली. पाचव्या दिवशी मोटार परत दारात. त्यांनी कुंडी टेबलावर ठेवली. आत वाळलेल्या काळ्या काड्या.

"सावलीत ठेवली होती ना?"

"एकदम सावलीत. फकस्त सकाळी दोन तास उन्हात काढायचो. हवापालटाला."

दुसरी कुंडी दिली. ती दहा दिवस टिकली. ह्या वेळी पाणी जास्त झालं होतं. 'ओल पाहिजे' असं डायरीत लिहिलेलं होतं, म्हणून त्यांनी कुंडी घमेल्यात बुडवून ठेवली होती आणि आठवड्यात मुळं कुजली. मी म्हटलं, "साहेब, पाणी साचू द्यायचं नाही, हेसुद्धा लिहिलंय की." त्यांनी डायरी उघडून दाखवली. ते वाक्य पुढच्या पानावर होतं आणि दोन पानं चिकटली होती.

तिसरी कुंडी मात्र खरंच छान जगली. दर दोन दिवसांनी फोन यायचा, "भाभी, सगळं ठीक. एक नवीन पान दाखल झालं." मग एक दिवस घाबऱ्या आवाजात फोन आला. "भाभी, पानाच्या मागं तपकिरी अंडी घातलीत किड्यानं. सगळ्या पानांवर. पर काळजी नको, मी बंदोबस्त केलाय."

मी विचारलं, "कसला बंदोबस्त?"

"टूथब्रशनं एकएक पान घासलं. सकाळपासनं बसलोय. एक बी अंडं शिल्लक ठेवलं न्हाई."

मी सांगितलं की ती अंडी नव्हेत, ते त्याचं बी.  मग ते म्हणाले, "म्हंजी मी त्याची पोरं..." आणि फोन ठेवला.

पण त्या घासण्यानं झाड मेलं नाही. जरा फाटकं झालं इतकंच. पुढच्या आठवड्यात सुभेदार ती फाटकी कुंडी घेऊन स्वतः आले. चेहरा असा की मला वाटलं, घरात काहीतरी वाईट झालं.

"काय झालं?"

"आज ती हौदावर आली. कुंडीपशी बसली. पान पाण्यात बुडवलं, उजेडात धरलं. मला वाटलं, आता बोलती. आन् शेळीला म्हणाली, 'राणे, ही माझी न्हवं.'"

बरोबर होतं. नर्सरीत विकतो तो हंसराज पुण्याहून रोपं आणून वाढवलेला असतो. त्याची पानं जास्त दाट, कुरळी, लग्नात केस सेट केल्यासारखी. गावच्या विहिरीतला साधा असतो, पानं मोकळी, पंख्यासारखी, अंतरा-अंतरानं. बाहेरच्याला फरक कळणार नाही. इंदूताईंना एका नजरेत कळला.

मी विचारलं, "त्यांनी कुठून आणला होता मुळात?"

"लग्नात आणला. माहेरच्या विहिरीतला. तुमच्या गावचीच हाय की ती. बिरोबाच्या माळाखाली घर हुतं त्यांचं. विहीर आता न्हाई. रस्त्यात गेली, बुजवली."

हातातली झारी मी खाली ठेवली. सुभेदारांना वाटलं असेल, मला विहिरीचं वाईट वाटलं. तसंही वाटलं, पण ते नंतर.

बिरोबाच्या माळाखालची विहीर मला चांगली माहीत होती. नर्सरी नवीन होती तेव्हा सांगलीच्या बंगल्यांमध्ये हंसराजाची भलती हौस सुरू झाली होती. वाढवायला वेळ कुणाला होता? मी आणि दस्तगीर आसपासच्या विहिरींमध्ये उतरायचो आणि भिंतीवरचा हंसराज खुरप्यानं सोडवून पाट्या भरायचो. कुंड्यांत लावून सांगलीला पाठवायचो. दिवाणखान्यात ते महिनाभर शोभायचं आणि मरायचं. मग पुन्हा पाट्या भरायच्या. तेव्हा मला ते धंद्याचं काम वाटायचं. आज कुणी माझ्या शेडमधून असं उचलून नेलं तर मी त्याला चोर म्हणेन.

त्या माळाखालच्या विहिरीवर एक म्हातारेबाबा आले होते. काठीवर हनुवटी टेकून वरून बघत होते. "काय करता वं पोरीनु?" मी एकटीच पोर होते, दस्तगीरना त्यांनी धरलंच नव्हतं. विकायला नेतो असं सांगायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "बाबा, औषधाला. मालकांना खोकला आहे." दस्तगीरनी आत उभ्या उभ्या लगेच खोकून दाखवलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. "न्या न्या. आमच्या इंदीला लय आवडायचं त्ये. सासरी जाताना ओल्या फडक्यात बांधून न्हेलं."

इंदी! सुभेदार समोर बसून हेच सांगत होते आणि माझ्या कानात तो खोकला ऐकू येत होता.

आता खरी गोष्ट अशी की त्या पाट्यांमधला एक गड्डा आमच्याकडे आजही जिवंत आहे. मोरीच्या मागं, गळक्या नळाखाली. जागा नव्हती म्हणून तिथं खोचला होता. पुढं मला कळलं की नळ दुरुस्त केला तर तो मरेल, म्हणून दस्तगीर तीस वर्षं त्या नळाची तक्रार करतात आणि मी दुरुस्त करू देत नाही. तो गड्डा आम्ही कधी विकला नाही. इंदूताईंचं झाड म्हणजे तोच.

मी तेव्हाच उठून तो आणून द्यायला हवा होता. नाही दिला. दिला असता तर कुठून आला ते सांगावं लागलं असतं. मी सुभेदारांना म्हटलं, "बघते, कुठं मिळतो का," आणि वर नवीन एक पुण्याची कुंडी दिली. ते बिचारे माझे आभार मानून, सलाम करून गेले.

रात्री जेवताना दस्तगीर भाकरी मोडत म्हणाले, "मागं मोरीत बसलाय त्या गड्ड्याची मालकीण सापडली म्हणायची."

मी त्यांना आणखी आमटी वाढली.

"त्या माणसाला शेळीच्या परवानगीनं जेवावं लागतंय, शकीला."

"मला माहीत आहे."

"सांगून टाक. लागलं तर मी पुन्हा खोकून दाखवतो."

दुसऱ्या दिवशी मी सुभेदारांना फोन केला आणि म्हटलं, "इंदूताईंना घेऊन या. झाड त्यांनीच ओळखायचं." ते म्हणाले, "आणतो, पर तिला सांगायचं कसं? शेळी रानात हाय." मी म्हटलं, "तुम्ही मोटारीचं दार उघडून उभे राहा." तसंच केलं त्यांनी.

तो गड्डा आज वडूजच्या हौदावर व्यवस्थित वाढतो आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. पण त्या दिवशी मला काहीच माहीत नव्हतं. संक्रांत दोन दिवसांवर होती. इंदूताई उतरल्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, नऊवारीतल्या. चालणं असं, की पुढं माणूस असला तर त्यानंच बाजूला व्हावं. सुभेदार त्यांच्या मागं तीन पावलं.

मी त्यांना सरळ मोरीमागं नेलं. नळ टपकत होता. खाली भिंतीला धरून हंसराजाची झालर पसरलेली होती. इंदूताई उकिडव्या बसल्या. एक पान अलगद नळाखाली धरलं. पाण्याचे मणी घरंगळून गेले. त्यांनी पान गालाला लावून पाहिलं, कोरडं आहे का म्हणून.

"ही माझी," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमच्याकडं कशी आली ही?"

मी सगळं सांगितलं. पाट्या, सांगली, म्हातारेबाबा, खोकला. काही राखून ठेवलं नाही. दस्तगीर मोरीच्या कोपऱ्याला उभे होते. त्यांनी मान खाली घातली होती आणि नेमका त्याच वेळी त्यांना खरा ठसका लागला.

इंदूताई माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. मला वाटलं, झालं, आता ही बाई माझ्याशीही आमच्या कोंबडीमार्फत बोलणार.

"म्हंजी ती खोकलावाली तुमी व्हय!" त्या म्हणाल्या.

"कोण खोकलावाली?"

"आवं, आमचे आबा मरंपातुर सांगत हुते. एक मुसलमानाची पोर आली हुती, तिनं ह्यो पाला न्हेला, तिच्या मालकाचा खोकला खडखडीत बरा झाला. झालं! सगळी वस्ती काढा करून प्यायाला लागली. ज्यो उठतोय त्यो विहिरीत. म्हातारी माणसं दोरानं सोडायची खाली. दोन वर्षांत भिंत उघडी पडली. आन् आबा सगळ्यात जास्ती प्यायचे."

"मग... बरा झाला का कुणाचा?"

"एकाचा बी न्हाई," इंदूताई म्हणाल्या. "कडू घाण लागतं त्ये."

माझ्या पाट्यांनी जे केलं नव्हतं ते माझ्या एका खोट्यानं केलं होतं. मला खरंच रडू आलं. "ताई, माफ करा," मी म्हटलं. "हा गड्डा तुमचा आहे. सगळा घेऊन जा."

 इंदूताई गड्ड्यात बोटं घालून बघत होत्या, कुठं सुटतो ते. मग म्हणाल्या, "सगळा न्हेला आन् वाटंत मेला तर? अर्धा ऱ्हाऊ द्या हितं. तीस वर्षं तुमी पाणी घातलंय." मग नळाकडे बघून, "म्हंजी नळानं घातलंय."

त्यांनीच खुरपं मागितलं. दगडाच्या कडेनं, मुळांना धक्का न लावता, त्यांनी अर्धा गड्डा असा सोडवला की मला माझ्या तीस वर्षांची लाज वाटली. मी जुन्या विहिरीच्या चुन्याचे खडे जपून ठेवले होते ते आणले, त्यांनी ते कुंडीच्या तळाशी लावले. काम करता करता त्या बोलत होत्या, कुणाकडे न बघता. "ह्ये काश्मीरला, मी हौदावर. भांडी घासायची आन् हिच्याशी बोलायचं. पत्रं यायची तर त्यात काय, 'मी खुशाल हाय, तू खुशाल रहा.' दुसरं वाक्यच न्हाई. हिला सगळं ठावं हाय माझं. पोरगी कवा आजारी हुती, सासू काय बोलली, सगळं. एका दिसात खरवडलं."

सुभेदार तिथंच उभे होते, हात पाठीमागं, नजर समोरच्या भिंतीवर. त्यांच्या मिशा हलत होत्या. 

"मला ठावं नव्हतं," ते म्हणाले. "मी बघितलंच न्हाई कवा. चूक झाली."

एवढंच. फौजी माणूस, त्याच्याकडे दुसरं वाक्य नव्हतं हे खरंच होतं.  नळ तेवढा टपकत होता.

इंदूताईंनी कुंडी ओल्या फडक्यात गुंडाळली, कडेवर घेतली आणि उठल्या. गुडघा आखडला होता, सुभेदारांनी हात पुढं केला, तो त्यांनी धरला नाही, पण झटकलाही नाही. आम्ही सगळे मोटारीपाशी आलो. मी चहाचं विचारलं. त्या म्हणाल्या, चहाला पुन्हा येते, आता हिला ऊन लागंल. सुभेदार आपले गाडीशेजारी ताठ उभे, पुढचा हुकूम काय येतो याची वाट बघत.

इंदूताईंनी त्यांच्याकडे बघितलं. सरळ, तोंडाकडे.

"आवं, नुसतं उभं काय ऱ्हायलाय? डिकी उघडा की."

सुभेदार दचकले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. आसपास शेळी नव्हती. मग त्यांना काय झालं कुणास ठाऊक, ते पळतच गेले, दोन्ही हातांनी जोर लावला आणि मोटारीचं बॉनेट उघडून, छाती पुढं काढून, बाजूला उभे राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि चेहरा असा, की दिल्लीच्या परेडमध्ये उभे आहेत.

इंदूताई कुंडी घेऊन पुढं गेल्या, वाकून इंजिनात बघितलं.

"हितं ठेवता व्हय?" त्या म्हणाल्या. "शिजंल की ती, वडूजपातुर."